मेंढरं सापडायच्या आधी

आप्पा, मी चिडलेली आहे आणि या चिडण्यात कुणाला तरी सामील करून घ्यायचं आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत पत्र लिहावंसं वाटलं नाही आणि वाटलं ते हे असं, तणतणत. जिवंत माणसांना सांगून झालं. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, सगळे तर कार्यक्रम छान झाला म्हणतायत. कॉलेजात स्टाफरूममध्ये सांगायला गेले तर त्यांनी मोबाईल पुढे करून मला फेट्यांचे फोटो दाखवले. काय बिघडलं ते कुणाला कळतच नाही. तुम्हाला कळलं असतं. यवतच्या बँडमध्ये तुम्ही उभा जन्म क्लॅरोनेट वाजवलंत आणि लोकांसमोर एकही चीज तुम्हाला शेवटपर्यंत वाजवू दिली गेली नाही.

आधी झालं काय ते सांगते. शिरूरजवळच्या कारखान्यांत आता परदेशातले इंजिनिअर येऊन राहतात, तुमच्या वेळी नव्हते. त्यातला एक सर्बिया नावाच्या देशाचा आहे. युरोपात खाली बाल्कन म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथला. सहा वर्षं इथे काढून तो बरं हिंदी बोलतो, आणि ठेचा खाऊन वर पाणी पीत नाही. त्याची बहीण तिकडे व्हायोलिन वाजवते. तिची पाच जणांची मंडळी पुण्याला कार्यक्रमासाठी येणार होती. यानं त्यांना गळ घातली की एक दिवस माझ्या गावाला या. माझं गाव म्हणजे शिरूर. तिघे व्हायोलिनच्या जातीचे, त्यात एक जरा जाडसर आवाजाचं, एक बाई गुडघ्यात धरून वाजवायचं मोठं चेलो घेऊन, आणि एक म्हातारा क्लॅरोनेटवाला. माईक नाही, स्पीकर नाही, एका दिवाणखान्यात बसून ऐकावं अशा बेताचं संगीत. कॉलेजनं पुढाकार घेतला आणि मी मराठीची बाई असल्यामुळे सूत्रसंचालन माझ्या गळ्यात आलं. क्लॅरोनेट हा शब्द यादीत वाचला आणि मी नाही म्हणूच शकले नाही.

शिरूरला असल्या कार्यक्रमाला जागा कुठून आणायची? मंगल कार्यालय मिळालं. न्हावऱ्याच्या रस्त्याचं ते मोठं, पिवळ्या कमानीचं. तुम्हाला आठवेल, कारण त्या कमानीच्या बाहेर तुम्ही कितीदा उभे राहिला असाल. मालक इथल्या पतसंस्थेचे चेअरमन, आमच्या कॉलेजच्या कमिटीवरही तेच. त्यांनी हॉल फुकट दिला, मग पाठोपाठ सत्कार आलाच. मीटिंगमध्ये मी उभी राहून सांगितलं होतं, आप्पा, माझ्या स्वभावाबाहेर जाऊन सांगितलं होतं, की सत्कार करायचा तर सुरुवातीला करा, नाहीतर अगदी शेवटी करा, वाजवणं चालू असताना मध्ये काहीही घ्यायचं नाही. मान्य आहे, मान्य आहे, असं सगळे म्हणाले. प्राचार्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. मला एवढंच पाहिजे होतं. ज्या कमानीच्या बाहेर तुमची चीज तोडायचे, तिच्या आत एका क्लॅरोनेटवाल्याला शेवटचा सूर लावून क्लॅरोनेट खाली ठेवताना मला बघायचं होतं. बाकी सर्बियाचं मला तोवर नावसुद्धा धड माहीत नव्हतं.

तुमचं ते तोडणं मी लहानपणापासून ऐकत आले. नवरदेव मांडवाच्या दारात यायचा, तुम्ही नुकते कुठे रंगात आलेले असायचे, आणि मुलीकडचा कुणीतरी मामा नाहीतर चुलता हात वर करायचा, पंजा पुढे, बास. भटजी खोळंबलेत. तुम्ही फुंकलेला श्वास तिथेच सोडून द्यायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुबके, कपाळावर घाम, आणि अर्ध्यात सोडलेला सूर. आत अक्षता पडायच्या, बाहेर तुम्ही बँडवाले बाभळीखाली बसून राहायचे, सगळ्यात शेवटची पंगत उठेपर्यंत. मग दिवेलागणीला घरी. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची. तुम्ही आला की ती मागे न बघता विचारायची, "आज कुठं तोडलं?"

"अंतऱ्यालाच. पोरीचा मामा आला आडवा."

"मंग घ्या आटपून. भाकरी टाकतीया."

आणि तुम्ही कोट न काढता मोरीशेजारच्या पाटावर बसायचे. क्लॅरोनेटची वेताची पत्ती फुलपात्रातल्या पाण्यात भिजवायचे, तोंडाला लावायचे आणि बरोबर जिथे तोडलं होतं तिथून उचलायचे. मागचा एक सूरही पुन्हा घ्यायचे नाहीत. मला तर ती चीज दुपारपासून हवेत तशीच लटकलेली आहे आणि तुम्ही हात वर करून ती काढून घेताय असं वाटायचं. चीज संपेस्तोवर आई तव्यावरची भाकरी उलटायची नाही, कारण उलथन्याचा आवाज होतो. करपलेल्या भाकरीचा वास आणि क्लॅरोनेट हे माझ्या डोक्यात अजून एकत्र बसलेले आहेत. संपलं की तुम्ही म्हणायचे, "आता जेवायला मोकळा झालो." मी चौथीत असताना शेजारच्या काकू आल्या म्हणून कविता म्हणता म्हणता पळाले होते, तेव्हा तुम्ही माझं बखोट धरून मला भिंतीपुढे उभं केलं होतं. "सुरू केलीस न्हवं? मंग म्हन पुढं. ऐकाया कुनी असूदे नायतर नसूदे." मी भिंतीला उरलेली दोन कडवी म्हणून दाखवली. रागानं म्हटली, पण म्हटली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी दुपारीच कार्यालयात गेले. रविवार होता, आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं निघालेलं नव्हतं. स्टेजवर नवरानवरीची लाल मखमलीची सिंहासनं, मागे थर्माकोलची अक्षरं. ती अक्षरं काढायला लावली, सिंहासनं मात्र जड म्हणून कोपऱ्यात सरकवली. वाजवणाऱ्यांची खोली म्हणून वधूपक्षाची खोली दिली. तो क्लॅरोनेटवाला म्हातारा आरशाभोवतीचे पिवळे बल्ब बघून हसला आणि पत्ती तोंडात धरून भिजवत बसला. तुम्ही फुलपात्र वापरायचे, तो तोंडातच भिजवत होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं, पण मी खुर्च्या मोजायला गेले. माझी ही सवय तुम्हाला ठाऊक आहे, बोलायची वेळ आली की मला काम सुचतं.

पहिला भाग त्यांच्याकडच्या शास्त्रीय रचनांचा, कागदावर लिहिलेल्या. तो आमच्या लोकांना झेपला नाही हे कबूल करते. वाद्यं जुळवून घेतली त्यालाच पहिल्यांदा टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले दोघे सोसायटीच्या निवडणुकीचं बोलत होते, मागच्या बाजूनं वडे तळल्याचा वास येत होता, एक फोटोग्राफर चेलोवाल्या बाईच्या इतका जवळ गेला की तिचा गज त्याच्या कोपराला लागला. मी आतल्या आत जळत होते. प्रत्येकाकडे जाऊन कान धरावेसे वाटत होते. तुम्ही म्हणाला असता, जाऊ दे, लोक जेवायला आलेले असतात, आपण मधी आलो. तुमच्या या जाऊ देचा मला तेव्हाही राग यायचा आणि आता जास्त येतो.

मग लोकसंगीत सुरू झालं आणि हॉल जरा सावरला. एक नाचाची चीज होती, गोल धरून नाचायची. लोकांनी भजनासारखा ठेका धरून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि दोन आवर्तनांत सगळ्यांच्या टाळ्या कुठल्या कुठे गेल्या. कुणाची आधी पडतेय, कुणाची नंतर, एकमेकांकडे बघून हसतायत. तिसऱ्या रांगेत एक भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा बसले होते. त्यांनी मांडीवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि मग शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "आरं सात हायती. तीन, दोन, दोन. रूपक हाय ह्यो, आपलाच." त्यांनी धरला आणि त्यांच्यामागून निम्म्या हॉलनं धरला. क्लॅरोनेटवाल्या म्हाताऱ्यानं वाजवता वाजवता मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता जमतंय. आता यांना कुणी हात लावू नये.

पुढची चीज मेंढपाळाची. इंजिनिअरनं मला ती आधीच समजावून दिली होती, म्हणून मी माईकवर नीट सांगितली. एका मेंढक्याची सगळी मेंढरं हरवलीत. तो डोंगरात हिंडतोय आणि रडतोय, ते क्लॅरोनेट. मग त्याला लांब पांढरं काहीतरी दिसतं, तो आनंदानं धावतो, जवळ जाऊन बघतो तर धोंडे. पुन्हा रडतो. आणि अगदी शेवटी, जेव्हा त्यानं आशा सोडलेली असते, तेव्हा घंटा ऐकू येते, मेंढरं सापडतात, आणि तो नाचायला लागतो. मी म्हटलं, त्याची मेंढरं सापडेपर्यंत आपण सगळ्यांनी त्याच्याबरोबर चालायचंय. मला स्वतःलाच ते वाक्य आवडलं होतं.

आप्पा, काय वाजवलं हो त्या माणसानं. सुरुवातीला एकटंच क्लॅरोनेट, बाकीचे चौघे नुसता एक सूर धरून. तो सूर खालून वर जायचा आणि वर पोचायच्या आधी तुटायचा, पुन्हा खालून. आपल्याकडचा कुठला राग म्हणावा तर तो नाही, पण रडणं कळायला राग कशाला लागतो. निवडणुकीवाले गप्प झाले. वडे तळणारी बाई झाऱ्यासकट दारात येऊन उभी राहिली. मागच्या खुर्च्यांवर राहू गावाकडचे काही मेंढरंवाले बसले होते, त्यांच्यातल्या एकाचा नातू त्या इंजिनिअरच्या हाताखाली आहे म्हणून आलेले. त्यातले एक म्हातारे, पांढरं मुंडासं, हातात काठी, ते पुढे वाकून बसले होते. धोंड्यांची जागा आली. क्लॅरोनेटवाल्यानं सूर एकदम उचलला, धावला, आणि मग थांबला. ती थांबायची जागा मी आयुष्यात विसरणार नाही. मुंडासंवाले आजोबा चक्क "च्" म्हणाले. मेंढरं नव्हती, धोंडे होते.

क्लॅरोनेटनं पुन्हा रडायला सुरुवात केली. आणि तेवढ्यात कमानीत गाड्यांची दारं वाजली. चार-पाच माणसं पुढे, मागे पांढऱ्या कपड्यांत चेअरमन. शिपाईमामा वाकत वाकत स्टेजच्या कडेला आले आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. चेअरमन आलेत, सत्कार घ्यायचाय. मी उठले. स्टेजवर गेले आणि हात वर केला. पंजा पुढे, बास. त्या म्हाताऱ्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि फुंकलेला श्वास तिथेच सोडून दिला. तसाच, आप्पा. अगदी तुमच्यासारखा. कुठल्याही देशातला असो, क्लॅरोनेटवाला अर्ध्यात थांबताना सारखाच दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं.

मग पुढचा अर्धा तास ऐका. फेटे बांधायला पुण्याहून माणूस आणला होता. पाच जणांना पाच फेटे, त्यात चेलोवाल्या बाईचे केस मोकळे, तिला दोनदा बांधला. एकाचा शेमला व्हायोलिनवर आला. शाली झाल्या. म्हाताऱ्याच्या एका हातात क्लॅरोनेट होतं, दुसऱ्या हातात नारळ दिला. त्याला कळेना काय करायचं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी क्लॅरोनेट त्या लाल सिंहासनावर ठेवलं आणि नारळ दोन्ही हातांत धरून उभा राहिला. तुमच्या वाट्याला कधी नारळ आला नाही. मी बीएला पहिल्यांदा सूत्रसंचालन केलं तेव्हा तुम्ही दौंडला आला होता, मोकळ्या खुर्च्या सोडून दाराबाहेर उभे राहून ऐकलंत, कारण आत बसायची सवयच नव्हती. आता याला नारळ मिळाला तर तोही अर्ध्या चिजेच्या बदल्यात. चेअरमननी भाषण केलं. बोलले बरं, थोडक्यात बोलले. संगीताला भाषा नसते वगैरे. मग आणखी दोघे बोलले. मग इंजिनिअर घड्याळ दाखवायला लागला, त्यांना पुण्याला पोचायचं होतं. त्यांनी एक छोटीशी नाचाची चीज घाईघाईत वाजवली, फेट्यांसकट. लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. मेंढपाळाचं कुणी नावही काढलं नाही.

खाली उतरताना चेअरमन माझ्यापाशी थांबले. "मॅडम, मधीच थांबिवलं कशापायी? चालू द्यायचं की. मी बसलो आस्तो मागं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असं म्हणायला काय जातं यांचं? गाड्या कमानीत आणायच्या, चार माणसं पुढे पाठवायची, चिठ्ठी द्यायची, आणि वर विचारायचं, थांबिवलं कशापायी. मी नुसती हसले. तुमच्याकडून मला क्लॅरोनेट नाही आलं, पण हे हसणं मात्र बरोबर आलं.

मी वधूपक्षाच्या खोलीत गेले. म्हातारा बल्बांच्या आरशापुढे बसून पत्ती पुसत होता, अगदी सावकाश, अंगठ्यानं. फेटा उतरवून व्यवस्थित टेबलावर ठेवला होता. मी इंजिनिअरला म्हटलं, यांना सांगा, माफ करा. आणि विचारा, ते राहिलेलं इथे वाजवतील का. एकटे. जिथे तुटलं तिथून पुढे. मी एकटीच ऐकेन. इंजिनिअर त्यांच्या भाषेत बोलला. म्हाताऱ्यानं पत्ती पुसता पुसता काहीतरी सांगितलं.

"बोल रहे हैं, बीच से नहीं होता," इंजिनिअर म्हणाला. "भेड़ें मिलने के लिए पहले खोनी पड़ेंगी. शुरू से जाना पड़ेगा. और गाड़ी खड़ी है."

तेव्हा मला सांगायचं होतं की होतं, मधूनही होतं. माझे वडील रोज करायचे, मोरीशेजारी पाटावर बसून. सांगितलं असतं तर कदाचित त्यानं ऐकलं असतं, बँडवाला बँडवाल्याचं ऐकतो. मी म्हटलं, आमचे चेअरमन असेच आहेत, त्यांना संगीतातलं कळत नाही. इंजिनिअरनं ते भाषांतर करून सांगितलं आणि म्हाताऱ्यानं मान हलवली. सगळीकडे चेअरमन असावेत.

इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. बारावीत असताना माझी मैत्रीण घरी आली होती, केडगावची, चांगल्या घरची. आम्ही बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसलो होतो. तुम्ही आलात, लाल कोटात, आईनं विचारलं आज कुठं तोडलं, तुम्ही पाटावर बसलात आणि वाजवायला लागलात. मैत्रीण काही वाईट बोलली नाही. नुसतं हसून माझ्याकडे बघितलं. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हात वर केला. म्हटलं, आप्पा, बास. आमचा अभ्यास चाललाय. तुम्ही थांबलात. क्लॅरोनेट पेटीत ठेवलंत. दुसऱ्या दिवसापासून आईनं विचारलं की तुम्ही म्हणायचे, आज समदं झालं. रोज समदं झालं. तुम्ही गेल्यावर तुमचे ढोलवाले दोस्त भेटायला आले, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्ही बसमधून एक थांबा आधी उतरायचे आणि कालव्याच्या भरावावर बसून उरलेलं वाजवायचे, मग चालत घरी. आई बिचारी तवा घेऊन थांबायची आणि तुम्ही कालव्याला ऐकवून यायचे. का ऐकलंत माझं? मला भिंतीपुढे उभं करायला येत होतं ना तुम्हाला? सतरा वर्षांची पोरगी हात वर करते आणि तुम्ही लग्नातल्या मामासारखं तिचं ऐकता. एक शब्द बोलला असता तर पुढे कुणापुढेही हात वर करायची माझी हिंमत झाली नसती. हा राग मी इतकी वर्षं गिळला. आता लिहून टाकला.

पार्किंगमध्ये ते मुंडासंवाले आजोबा थांबले होते. बाकीचे टेम्पोत बसून त्यांना हाका मारत होते. मला बघून ते काठी टेकत पुढे आले.

"बाई, त्या गड्याची मेंढरं घावली का न्हाई?"

"घावली, मामा."

"कुठं घावली?"

मला काय माहीत. "डोंगरापल्याड," मी म्हटलं.

"मंग त्येनं वाजिवलं का न्हाई?"

"वेळ झाला नाही. पाहुणे आले ना."

"व्हय. मोठी मानसं आली व्हती." टेम्पोतून पुन्हा हाक आली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "आमच्यात, बाई, मेंढरं हुडकाया निघालेल्या मानसाला वाटंत कुनी हटकत न्हाई. पानी घ्या म्हनून सुदिक न्हाई. त्येचा कान घंटंकडं आसतो. तेवढ्यात ती आयकायची ऱ्हायली तर ऱ्हायलीच." मग माझ्यावर ठपका येऊ नये म्हणून असेल, स्वतःच म्हणाले, "तुमी तरी काय करनार. वरनं सांगितल्यावं करावं लागतंय." मी हो म्हटलं. वरून सांगितल्यावर करावं लागतं.

ही गोष्ट मी आता सगळीकडे अशीच सांगते. नवऱ्याला सांगितली, स्टाफरूमला सांगितली, त्या परदेशी म्हाताऱ्याला दुभाष्या लावून सांगितली. चेअरमन आले आणि थांबवावं लागलं. लोकांनाही पटते, कारण असंच होत असतं. प्राचार्य तर मला म्हणाले, तुम्ही मीटिंगमध्ये बजावलं होतं, तुमची काही चूक नाही. पत्र लिहायला बसले तेव्हा तुम्हालाही तेवढंच सांगायचं ठरवलं होतं. वर सांगितलंही तसंच. वर जाऊन बघा, खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

तुमचं क्लॅरोनेट माझ्याकडेच आहे. कपाटावर, पेटीत. आतली निळी मखमल विरली आहे आणि पत्तीला चीर गेली आहे. हे पत्र त्या पेटीत ठेवीन, दुसरीकडे कुठे जाणार ते. आणि त्याबरोबर ती चिठ्ठीही ठेवीन, जी त्या दिवसापासून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे आणि जी मी कुणालाही दाखवलेली नाही. चेअरमनच्या हातची आहे, पतसंस्थेच्या पावतीमागे पेन्सिलनं लिहिलेली, गाडीत बसून लिहिली असावी, अक्षर हललेलं आहे. लिहिलंय, "मॅडम, मी आलोय. त्यांचं वाजवणं पूर्ण होऊ द्या, मग सत्कार घ्या. घाई नाही."

मी ती वाचली होती, आप्पा. उठायच्या आधी, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली होती.